भाडेकरूंचे वाङ्मय

एखादे समाजमाध्यम उतरणीला लागले की तिथल्या समुदायांत वाद पेटतो: राहायचे की जायचे? राहणारे जाणाऱ्यांना पळपुटे म्हणतात, जाणारे राहणाऱ्यांना लाचार. आमच्या मते हा वादच चुकीच्या प्रश्नावर उभा आहे. खरा प्रश्न मालकीचा आहे.

लाइव्हजर्नलचे उदाहरण घेऊ. १९९९ साली सुरू झालेले हे माध्यम हौशी कथाकारांचे, म्हणजे आवडत्या कादंबऱ्या-मालिकांतील पात्रे घेऊन नव्या कथा रचणाऱ्यांचे, हक्काचे ठिकाण बनले होते. मे २००७ मध्ये कंपनीने शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. हेतू बाललैंगिक शोषणाला आळा घालण्याचा होता. पण नाबोकॉव्हच्या 'लोलिता'वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गटही त्यात भरडला गेला. एखाद्या विषयावर लिहिणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे, एवढाही विवेक त्या यादीत नव्हता. पुढे कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, बरीच खाती 'परत दिली'. या 'परत देण्या'तच त्या लेखकांचे भाडेकरूपण उघडे पडते. त्याच वर्षअखेरीस हे माध्यम एका रशियन कंपनीला विकले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये रशियन कायद्याला बांधलेल्या नव्या अटी आल्या.

या लेखकांपैकी काहींनी केवळ बिऱ्हाड हलवले नाही. व्यापारी संस्थळांना पर्याय म्हणून स्वतःचे संग्रहालय असावे, हा विचार खाती बंद होण्याच्या थोडे आधीच मांडला गेला होता. या घटनेने त्याची निकड पटवली. व्हर्जिनिया वुल्फच्या 'स्वतःच्या खोली'ची आठवण देणारे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नोव्हेंबर २००९ मध्ये खुले झाले. जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांतून, काम स्वयंसेवकांचे. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

'एवढा खटाटोप कोण करणार?' हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. पण मराठीच्या अभ्यासकाने तरी तो घेऊ नये. साठच्या दशकातील लघुनियतकालिकवाले प्रस्थापित मासिकांना नावे ठेवून थांबले नाहीत; सायक्लोस्टाइल करून का होईना, त्यांनी आपले अंक आपण काढले.

तेव्हा निघण्यापूर्वी, किंवा राहण्यापूर्वीही, प्रत्येक समुदायाने तीन गोष्टी विचाराव्यात: कुलूप कोणाच्या हाती आहे? आपले लेखन आपल्याला बाहेर नेता येते का? आणि जागेचा खर्च उचलायची आपली तयारी आहे का? तिसऱ्या प्रश्नाला बगल देणाऱ्यांचे स्थलांतर म्हणजे केवळ घरमालक बदलणे होय.