थिनर म्हणजे भेसळ नव्हे!

आमच्या धानोऱ्यात ‘पातळ’ या शब्दाला इज्जत नाही. दूध पातळ निघालं की गवळ्याचा उद्धार, वरण पातळ झालं की बायकोचा (हा मनातल्या मनात). त्यामुळे वॉर्निशात थिनर ओतताना मला पाहून शेजारचे आबा म्हणाले, ‘‘काय भाऊ, बँकेत असून भेसळ?’’ तर नवल नाही. पण त्यांचं म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

वॉर्निश होतं विमानासाठी. वीतभर मिग-२१, खऱ्याच्या एक बहात्तरांश. आमचे दाजी ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. १९६४ साली तो कारखाना मिगसाठीच उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा दाजी टीव्हीपुढून उठून गच्चीवर गेले ते तासभर खाली आले नाहीत. म्हटलं, यांच्या शोकेसमध्ये एक मिग हवाच.

विमानावरचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र, नंबर वगैरे डेकलवर छापून मिळतात. पाण्यात भिजवायचं, कागदावरून अलगद सरकवून बसवायचं. प्रकार कांद्याच्या पापुद्र्याइतका नाजूक, म्हणून वरून वॉर्निशचं संरक्षण. इथवर सगळ्यांचं एकमत.

पुढे घट्टवादी पक्ष उभा राहतो. ‘एकदाच जाड थर द्या, काम पक्कं!’ पहिल्या विमानाला मी ते ऐकलं. बाटलीतलं लॅकर जसंच्या तसं, ब्रशनं, सढळ हातानं. थोड्याच वेळात चक्राला सुरकुत्या पडल्या आणि भाजत्या पापडासारखे फोड आले.

अहो, जाड थरातलं द्रावक लवकर उडत नाही. ते खाली बसून डेकलच मऊ करतं. निम्मं थिनर घालून एअरब्रशनं नुसता शिडकावा केला, की ते उडून जातं. तो वाळू द्यावा, मग दुसरा, मग तिसरा. (थिनर घातलं म्हणून एकदम भिजवून काढाल, तर पुन्हा पापडच.) शिवाय हिशेब बघा. मॉडेलवर एक दशांश मिलीमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ मिलीमीटर! एवढी काच अंगावर घेऊन कुठलं विमान उडेल?

डेकलखालीही चकचकीत थर हवा. खरखरीत रंगावर हवा अडकते आणि डेकल चंदेरी दिसतं. आणि पावसाळ्यात फवारू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं, थर पांढुरका होतो आणि मिग कायमचा धुक्यात. एवढं सांगितल्यावर आबा म्हणाले, ‘‘मग दुधातही घालत जा!’’ अशा माणसाशी काय वाद घालायचा?

दुसरं विमान दिवाळीत दाजींच्या हाती दिलं. त्यांनी चक्रावरून नख फिरवलं. कड लागली नाही. पुन्हा फिरवलं. चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

मग म्हणाले, ‘‘झकास. फक्त हा नंबर आमच्याकडच्या विमानाचा नाही.’’