विसार देण्यापूर्वी

गेल्या आषाढात चिपळूणहून भाच्याचा दूरध्वनी आला, आणि कुशलप्रश्नांचा शिरस्ता पुरा होण्यापूर्वीच त्याने विचारले, "मामा, तुम्ही नोकरीत जन्मभर जीपमधून दौरे केलेत, इथे एक जुनी मिळते आहे, घेऊ का?" ती त्याला हौसेखातर अंगणात उभी करून ठेवायची नव्हती, रोज परशुराम घाट ओलांडून लोटे येथील औद्योगिक वसाहतीत कामावर जाण्यायेण्यासाठी हवी होती. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने चिपळूण गाठले, त्यात भाच्याविषयीचे वात्सल्य किती आणि त्या वाहनाविषयीचे कुतूहल किती, याचा हिशेब मी अद्याप कोणालाही दिलेला नाही.

कुतूहलाला कारणही तसेच होते. महायुद्धातील विलीस जीपच्या वंशात जन्मलेले, १९५३ साली अमेरिकेत सीजे-३बी या नावाने बाजारात आलेले, आणि तेथील उत्पादन १९६८ मध्ये थांबल्यावरही महिंद्र कंपनीने आपल्याकडे पुढे अनेक वर्षे चालू ठेवलेले हे वाहन. नव्या इंजिनात काही झडपा माथ्यावर गेल्यामुळे त्याची उंची वाढली, आणि ते मावावे म्हणून कारागिरांनी सौंदर्यदृष्टीला रजा देऊन बॉनेट सरळ वर उचलले. त्यामुळे ही जीप कायम मान ताठ करून बघते आहे असे वाटते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतरच्या काळात ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना धुळीचा लोट उडवीत येणारी जीप दिसली की सरकार आले एवढे कळे. तलाठ्याचे दप्तर जुळवण्याची धांदल मागाहून सुरू होई. अशा वाहनाची किंमत ठरवताना स्मरणशक्ती नेहमी विक्रेत्याच्या बाजूने साक्ष देते, हे मी स्वतःला एस.टी.तच बजावून ठेवले होते.

जीप पत्र्याच्या पडवीत उभी होती. डाव्या दाराच्या जागेखालचा पत्रा खालून खाल्लेला, मडगार्डच्या कडा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटलेल्या. पण या गंजाने मी विचलित झालो नाही, कारण तो निदान प्रामाणिक असतो, डोळ्यांसमोर असतो, आणि चांगला डेंटर तो पत्रा कापून नवा बसवू शकतो. इंजिन बोअर करता येते, पाटे बदलता येतात, सुटे भाग कुर्ल्याला किंवा पुण्याच्या नाना पेठेत हिंडले की आज ना उद्या मिळतात. मला संशय आला तो चासीवरच्या ताज्या, तुकतुकीत काळ्या रंगाचा. आमच्याबरोबर आलेले मेस्त्री गोणपाट अंथरून खाली सरकले आणि हातोडीने चासी ठोकत पुढून मागे निघाले. प्रथम टणटणीत नाद येत होता. मागच्या पाट्याच्या शॅकलपाशी तो एकाएकी भद्द झाला. मेस्त्रींनी तेथे पेचकस टेकवून दाबला, तो विनासायास आत गेला, आणि बाहेर काढताच मागोमाग वाळलेल्या तांबूस गाळाची भुकटी जमिनीवर सांडली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा ही जीप कोठे होती याविषयी मालकाने अवाक्षर काढले नव्हते. ती कैफियत गाळाने दिली. चासीच्या पोकळीत अडकलेला गाळ दर पावसाळ्यात ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतून पोखरले जाते. वर ठिगळाचा पत्रा जोडावा, तर वेल्डिंगला धरायला खाली निरोगी धातू उरलेला नसतो. "रंग नवीन आहे, साहेब, बाकी काय सांगू?" एवढेच मेस्त्री म्हणाले.

दस्तऐवजांची कथा याहून रम्य होती. आरसी बुकात इंधन पेट्रोल, पहिली नोंदणी १९६९ ची. बॉनेट उघडले तर आत डिझेल इंजिन. असा बदल पूर्वी सर्रास होत असे, परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार तो नोंदणी अधिकाऱ्याच्या दप्तरी रुजू असावा लागतो, आणि येथे तो नव्हता. भाच्याचा बेत व्हिंटेज नोंदणी करण्याचा होता. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खाजगी वाहनाला दहा वर्षे मुदतीची अशी नोंदणी मिळते खरी. पण इंजिन बदललेले असल्याने 'मूळ स्वरूप' येथेच संपले, आणि ते संपले नसते तरी हेच नियम त्या वाहनाला प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांपुरतेच रस्त्यावर येऊ देतात. नित्याच्या वापराला त्यांची स्पष्ट मनाई आहे. थोडक्यात, सरकार म्हणते की म्हाताऱ्याचा सत्कार हवा असेल तर त्याला कामाला जुंपू नका. साधी नोंदणी ठेवावी, तर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर यांचा तगादा आहेच. आणि त्या तपासणीत पेट्रोलच्या कागदावर डिझेल कसे पास व्हावे?

तरीही कागद कधी ना कधी सरळ करता येतात. माझा खरा आक्षेप घाटाचा होता. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि चौघांना तेल पुरवणारी वाट एकच. एका चाकाकडची नळी गंजून फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. भर पावसात ड्रममध्ये पाणी शिरले की पेडल दाबूनही गाडी क्षणभर ऐकत नाही, आणि परशुराम घाटात मागे कंटेनर असताना तो क्षण फार दीर्घ असतो. जुना पत्रा जाड, नव्या गाड्या म्हणजे डबडी, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण नवी गाडी चुरगळते ती धक्का स्वतः पचवण्यासाठी, आणि या जीपचे सुकाणू ज्या ताठ दांड्यावर बसवले आहे त्याचे टोक चालकाच्या छातीकडे रोखलेले असते. शिवाय भाचा एकटा जाणार नव्हता. कारखान्यातले दोघे सहकारी वाटेत बसणार होते, ज्यांनी जीपवर प्रेम करण्याचे कधी कबूल केले नव्हते. स्वतःची हौस स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जोखमीवर पुरवावी; शेजारच्या आसनावरील माणसाच्या जिवावर ती पुरवण्याचा अधिकार मला मान्य नाही.

म्हणून माझे मत मी तेथेच, मालकाच्या चहाचा कप हातात असताना दिले: विसार देऊ नकोस. ज्यांच्यापाशी रोजच्या कामाला दुसरे वाहन आहे, पडवीत जागा आहे आणि महिनोन्महिने एखाद्या शॅकलची वाट पाहण्याचा धीर आहे, त्यांनी अशी जीप खुशाल घ्यावी, भंगारात जाण्यापासून तिला वाचवावे. मात्र जाताना हातोडी बरोबर न्यावी आणि ती ठोकणारा मेस्त्री आपला असावा, मालकाने आणलेला नसावा. भाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. सध्या तो कारखान्याच्या बसने जातो.

गणपतीत मी पुन्हा चिपळूणला गेलो तेव्हा जीप त्याच पडवीत उभी होती. मालकाने चासीला रंगाचा आणखी एक हात दिला होता.