विश्रांतीतील आकडे

आमच्या वहिनींना सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे. त्वचा ताठर, थंडीत बोटे पांढरीनिळी. अलीकडे जिना चढताना त्यांना धाप लागते. पलंगावर निजवून केलेली इको तपासणी समाधानकारक आली आणि आम्ही सर्वांनी दोष वयावर ढकलला. माझाही त्यात वाटा होता.

वास्तविक बँकेत मी पेढीची ऐपत शांत दिवसाच्या शिलकेवरून कधी ठरवली नाही. सर्व धनको एकदम दारी आले तर काय, हे पाहत असे. या व्याधीत फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या अरुंद व ताठ होऊ शकतात. विश्रांतीत दाब नेमस्त दिसतो. श्रमात हृदय अधिक रक्त लोटते, वाहिन्या पुरेशा प्रसरण पावत नाहीत आणि दाब चढतो.

युरोपीय हृदय व श्वसनतज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शिकेने या श्रमकालीन दाबवाढीला पुन्हा व्याख्येत स्थान दिले. हृदयातून दर मिनिटास जाणारे रक्त लिटरभर वाढताना फुफ्फुसधमनीचा सरासरी दाब पाऱ्याच्या ३ मिलिमीटरहून अधिक वाढला, तर ती दाबवाढ मानतात. मात्र मूळ दोष हृदयाच्या डाव्या बाजूचाही असू शकतो. खात्रीची मोजणी हृदयात नळी घालून, व्यायाम करवून होते. ती सर्वत्र उपलब्ध नाही.

कितव्या पायरीवर थांबावे लागले, हे वहिनी आता वहीत टिपतात. पुढील भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची आहे.