द्राक्षाची कुंडली आणि अण्णांची कॅरीबॅग

आमच्या निफाडमध्ये सगळ्याचं माप निघतं, बॉस! थंडी किती पडली? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात. कांदा कितीने गेला? लासलगावचा भाव लगेच मोबाइलवर. द्राक्षात गोडी किती उतरली? बागेत उभ्या उभ्या मीटरवर दोन थेंब टाका, ब्रिक्स हजर.

आणि आमच्या अण्णांची किडनी किती काम करते? थांबा हं... ती पिशवी कुठे गेली?

पिशवी म्हणजे साडीच्या दुकानातली पिवळी कॅरीबॅग. आत सात वर्षांची प्रिस्क्रिप्शन्स, लॅबचे रिपोर्ट, पुसट झालेल्या ईसीजीच्या पट्ट्या आणि का कोण जाणे, खताच्या दोन पावत्या. तुमच्याही घरी अशी एक असणारच. रंग वेगळा असेल, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात अण्णांचा नाशिकला सीटी स्कॅन ठरला. डाय देऊन करायचा होता, म्हणून किडनीचे जुने रिपोर्ट मागितले. मी पुण्याहून शुक्रवारी रात्री घरी पोचलो तो फुल कॉन्फिडन्समध्ये. एआयच्या जमान्यात कागद कोण चाळतं? चाळीसेक कागदांचे फोटो काढले, एका अ‍ॅपला दिले. चहा उकळेपर्यंत टेबल तयार! तारीख, औषध, साखर, बीपी... आणि क्रिएटिनिन 1.1. नॉर्मल. मी खूश.

अण्णांनी चष्मा लावला. "एक पॉइंट एक? नाही रे. डॉक्टर म्हणाले होते, दीडच्या पुढं गेलंय, गुडघ्याच्या गोळ्या बंद करा. तवापासून हात नाही लावला मी."

कागद शोधला. 1.7 होतं. हाताने लिहिलेला सात, डोकं जरा आखूड. अ‍ॅपने त्याचा एक केला.

चूक झाली याचं मला वाईट वाटलं नाही, घाईत मीही तसंच वाचलं असतं. पण मी निदान डोळे बारीक करून कागद उजेडात धरला असता. टेबलमध्ये तो 1.1 इतर आकड्यांसारखाच ऐटीत बसला होता. 'नीट दिसत नाही' असं कुठेच नाही. आणि तोच प्रिंटआउट मी सोमवारी काउंटरवर देणार होतो! सोमवारी रक्त पुन्हा तपासलं. अण्णा बरोबर निघाले. स्कॅन डाय न देता झाला.

त्या रात्री अण्णांनी कपाटातून त्यांची फवारणीची वही काढली. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस बाकी... सगळं टापटीप. ही शिस्त आली कुठून? 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि सगळे हादरले. मग 2006 मध्ये अपेडाने 'ग्रेपनेट' आणलं. बागेला नोंदणी नंबर, काढणीआधी लॅबमध्ये तपासणी, पेटीवर नंबर. रॉटरडॅमला पेटी उघडली की निफाडच्या कुठल्या बागेतली, ते कळतं. माणसाचं मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत!

पण ग्रेपनेटनेही एकदा मार खाल्लाय. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. सिस्टिम चोख होती, प्रश्नच विचारला नव्हता. एआयचंही तेच आहे, मंडळी. कागदावर जे नाही किंवा नीट लिहिलेलं नाही, ते खरं करून देणं त्याच्या हातात नाही. ते फक्त छान मांडून देतं. डेटा खरा असायचा तर तो जिथे जन्मतो तिथेच.

त्यासाठी सोय आहे की. 2021 च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला 14 आकडी आभा नंबर आपल्यापैकी अनेकांनी काढलाय आणि विसरलोय. तो लॅबला दिला आणि लॅब त्या सिस्टिमला जोडलेली असली, की रिपोर्ट थेट मशीनमधून आपल्या खात्याला जोडता येतो. हाताने लिहिलेला सातच नाही, तर गोंधळ कुठला? रेकॉर्ड दुसऱ्याला दाखवायचं की नाही, ते आपण ठरवायचं. आणि डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं, हा नियम तर 2016 पासूनच आहे. आपण कधी मागितलंय? द्राक्षाची कुंडली तयार झाली, कारण गिऱ्हाइकाने मागितली.

एआय मी सोडलेलं नाही. आता सांगतो, प्रत्येक आकड्याशेजारी मूळ फोटो दे, तारीख आणि युनिट लिही, शंका असेल तिथे लाल खूण कर. मग अण्णा आणि मी चहा घेत एकेक ओळ ताडून बघतो. लाल खुणा आल्या की अण्णा खूश. "बघ, ह्याला पण कळंना!"

फवारणीच्या वहीची शेवटची चार पानं आता अण्णांची आहेत. कोणती गोळी, कधी सुरू, कधी बंद, का बंद. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलंय: क्रिएटिनिन 1.7. सात मात्र मधे आडवी रेघ मारून!