उगाच फिरायला



गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांची बैठक होती. मी माझी गाडी घेऊन गेले. गाडी म्हणजे सेकंड हँड फोक्सवॅगन पोलो, लाल रंगाची, टर्बो इंजिनाची. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, "फिल्डवर्कसाठी घेतलीस ना? बरं झालं." मी "हो ताई" म्हणाले आणि गप्प बसले.

खोटं बोलले मी. फिल्डवर्कला लांबच्या गावांना मी अजूनही एसटीनंच जाते. ऑफिसला रोज गाडीनं जाते, पण त्याला माझी जुनी स्कूटर पुरत होती. गाडी घेतली ती मला गाडी चालवायला आवडते म्हणून. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ती ज्या जोमानं चढते, त्याची मला मजा वाटते म्हणून. कारण एवढंच. इतकी वर्षं शिबिरांतून बायकांना "थोडं स्वतःसाठीही जगा" असं सांगणाऱ्या मला हे एक वाक्य मोठ्यानं म्हणता आलं नाही.

मग आठवू लागले, या गाडीसाठी आजवर कुणाकुणाला काय काय कारणं दिली. भावाला सांगितलं, आईला दवाखान्यात न्यायला बरी. शेजारच्या काकूंना सांगितलं, पावसात स्कूटरचा त्रास होतो. आईला सांगितलं, रात्री उशीर झाला तर सुरक्षित. यातलं एकही कारण खोटं नाही, पण खरं कारण यातलं एकही नाही. भावानं काही वर्षांपूर्वी मोठी मोटरसायकल घेतली, तेव्हा त्याला कुणीच "कशासाठी" विचारलं नाही. पेढे वाटले.

पुरुषाची हौस ही हौस असते. बाईची हौस मात्र कुणाच्या तरी सोयीचं लुगडं नेसूनच घराबाहेर पडते.

गाडी बघायला गेलो तेव्हाचा अनुभव तुमच्यापैकी अनेकींना ओळखीचा वाटेल. पैसे माझे, कर्ज माझ्या पगारावर, पण विक्रेता बोलत होता भावाशी. मी टर्बोबद्दल विचारलं, तर भावाकडे बघून म्हणाला, "मॅडमना एवढं पिकअप कशाला? साधी ऑटोमॅटिक घ्या ना." भाऊ बिचारा म्हणाला, "त्यांनाच विचारा, मला यातलं कळत नाही." मग मीच त्या माणसाला टर्बोचं काम समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण यंत्र कळलं की त्याची भीती जाते.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एरवी नळीतून वाया जातो. टर्बोत तोच वायू एक छोटं चक्र फिरवतो. त्या चक्राच्या दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिनाला मोठं बळ येतं. माझ्या गाडीचं इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद ११० अश्वशक्ती. याच पोलोत याच आकाराचं बिनटर्बोचं इंजिनही मिळायचं, त्याची ताकद ७६. आपल्याकडे २००६ पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कर कमी लागतो. इंजिन लहान ठेवून ताकद वाढवायची तर टर्बो हा सोपा रस्ता. त्यामुळे हौसेची गाडी मध्यमवर्गीय पगारदार बाईच्या हप्त्यात बसू शकली. पोलो २००९ ते २०२२ आपल्या चाकणला बनत होती. आता ती सेकंड हँडच मिळते. माझी साडेपाच लाखांना पडली, हप्ते चार वर्षांचे.

तोटेही सांगते. पाय जड ठेवला की पेट्रोल भराभर संपतं. ऑइल वेळेवर बदलावं लागतं, हयगय केली तर टर्बोची दुरुस्ती महाग पडते. मोठा चढ चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करते. आणि मजा म्हणजे वेडावाकडा वेग नव्हे. लहान, हलक्या, ताकदवान गाडीची गंमत ही की ती चाळीस-पन्नासच्या वेगातही, आपल्या बाजूच्या लेनमध्ये राहून, प्रत्येक वळणावर मिळते. बिनएअरबॅगची पोलो २०१४ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत शून्य तारे मिळवून नापास झाली होती, दोन एअरबॅगवालीला चार तारे मिळाले. म्हणून स्वस्त मिळते म्हणून कुठलीही जुनी गाडी घेऊ नका, हे मैत्रीण म्हणून सांगते.

मोटारीच्या इतिहासातही हे "कारण" सापडतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं ती साफ केली. तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. जाण्याचं कारण काय, तर आईला भेटायचं होतं! थोडक्यात, माहेरी. नवऱ्याच्या धंद्यात सुरुवातीला घातलेला पैसाही तिच्या हुंड्यातला होता. आणि सौदी अरेबियात १९९० च्या नोव्हेंबरमध्ये ४७ बायकांनी रियाधच्या रस्त्यावर गाड्या चालवून दाखवल्या, त्याची शिक्षा भोगली. तिथली बंदी उठायला २०१८ चा जून उजाडावा लागला, आणि त्याच्या महिनाभर आधी या हक्कासाठी लढलेल्या काहीजणींना अटक झाली. बाईच्या हातातलं स्टिअरिंग ही साधी गोष्ट असती, तर तिची एवढी धास्ती कुणी घेतली नसती.

दुसरा मुद्दा मालकीचा. समुपदेशन केंद्रात येणाऱ्या किती बायका गाडी चालवतात! मुलांना शाळेत सोडतात, सासऱ्यांना दवाखान्यात नेतात. पण आरसी बुक नवऱ्याच्या नावावर. लग्नात वडिलांनी कर्ज काढून दिलेली गाडीसुद्धा जावयाच्या नावावर. बिनसलं की पहिली किल्ली काढून घेतली जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं आर्थिक छळालाही हिंसा मानलं आहे, स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पण ज्या कागदावर आपलं नावच नाही, ती वस्तू आपली होती हे सिद्ध करताना बाईचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून सांगते, स्कूटी असो की मोटार, पैसे तुमचे असतील तर नावही तुमचंच लावा. त्यात प्रेमाचा अपमान नाही.

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे, की बाई, ही तुझी मध्यमवर्गीय चैन. ज्या बाईला पाण्यासाठी दोन मैल चालावं लागतं, तिला तुझ्या टर्बोचं काय? पेट्रोलचा धूर आहेच. आपली मागणी भरपूर बसगाड्या, उजेडाचे रस्ते आणि स्वच्छ संडास हीच असली पाहिजे. मला हे शंभर टक्के मान्य आहे. माझी गाडी म्हणजे मुक्तीचा मार्ग, असं मी म्हणत नाही.

पण एक पाहा. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्यानंतर स्टँडवर, पारावर काय ऐकू येऊ लागलं? "बायका आता उगाच फिरायला लागल्यात." कामाला गेली तर चालेल, दवाखान्यात गेली तर चालेल, उगाच गेली तर खटकतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांवर लिहिलेल्या 'व्हाय लॉयटर' या पुस्तकाचा गाभाही हाच आहे, की बाईला सार्वजनिक जागेत काहीही कारण न देता रेंगाळता आलं पाहिजे. अर्ध्या तिकिटावर मैत्रिणीकडे निघालेली बाई आणि हप्त्याच्या गाडीतून घाटात निघालेली मी, आमच्या खिशात फरक आहे, तो मी लपवत नाही. पण आम्हा दोघींना विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. तो प्रश्न आपल्याच चळवळीतल्या ताईंनी विचारावा, याचं मात्र वाईट वाटतं. आपण दुःखाची भाषा फार नेमकी शिकलो. आनंदाची भाषा बोलताना अजून अडखळतो.

गेल्या रविवारी केंद्रात येणारी एक बाई बाजारात भेटली. दोन वर्षं पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. गाडीकडे बघत म्हणाली, "मॅडम, एकदा मला पुढं बसवून न्या की." कुठं जायचं म्हणून विचारलं, तर हसली. "कुठं नाही. असंच."

सातारहून यवतेश्वरचा घाट चढून आम्ही वर गेलो. शेवटच्या वळणांवर मी गिअर खाली घेतला, गाडीनं उचल खाल्ली, आणि ती मोठ्यानं हसली. इतक्या भेटींत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. वर थांबून चहा घेतला आणि परत आलो. उतरताना तिनं विचारलं, "शिकायला किती दिवस लागतात हो?"

आता ती मोकळ्या मैदानात क्लच सोडायला शिकते आहे. लायसन्स मिळालं तर ड्रायव्हरची नोकरी शोधेन म्हणते. शोधावी. पण नाही शोधली तरी चालेल.

पुढच्या बैठकीत त्या ताईंना मी खरं काय ते सांगणार आहे. तुम्हीही आपल्या गटात एकमेकींना विचारा, शेवटचं उगाच कधी आणि कुठे गेला होतात? उत्तरं आम्हाला जरूर लिहून पाठवा.