सीना की अंडरटेकर? आधी निकष ठरवा!

जठारपेठेत संध्याकाळी चहाच्या टपरीवर थांबा, ‘ग्रेटेस्ट रेसलर कोण बे?’ हा वाद हमखास ऐकू येईल. एकजण म्हणतो जॉन सीना, १७ वेळा वर्ल्ड चॅम्पियन. दुसरा म्हणतो अंडरटेकर, रेसलमेनियात सलग २१ विजय.

पण भाऊ, डब्ल्यूडब्ल्यूईत लागणं-पडणं खरं असलं तरी निकाल आधीच ठरलेला असतो. मग आकडे काऊन मोजता? तिथं मोठा तोच, जो हे माहीत असूनही आपला श्वास अडकवतो. २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरकडून अंडरटेकर हरला, तेव्हा अख्खं स्टेडियम सुन्न झालं होतं. म्हणून माझं मत अंडरटेकरलाच.

कुस्तीची यादी मात्र वेगळी करा. तिच्यात माझं पहिलं नाव कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. लोकांच्या मदतीवर ते १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो निकाल कुणी लिहून ठेवला नव्हता. अर्जुन पुरस्कार मात्र मृत्यूनंतर मिळाला.

आता सांगा, तुमच्या दुसऱ्या यादीत नावं किती?