विद्यापीठांची पत आणि प्रत

जून महिना उजाडला की घरोघरी एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते: मुलाला किंवा मुलीला पुढे कोठे घालावयाचे? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. मुंबईच्या पदवीला वजन आहे, पुणे हे विद्येचे माहेरघर आहे, नागपूर जुने आहे; कोल्हापूर, मराठवाडा, अमरावती किंवा जळगाव ही ‘आपली, जवळची’ आहेत. गेल्या काही वर्षांत या ऐकीव मतांना आकड्यांची जोड मिळाली असून, कोणते विद्यापीठ कितव्या क्रमांकावर आले हे आता वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर छापले जाते. चाळिसावरून तिसाव्या क्रमांकावर आलेले विद्यापीठ अभिनंदनाचे फलक लावते आणि घसरलेले विद्यापीठ मोजणीच्या पद्धतीला दोष देते. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूला पडतो. या याद्या नेमके कोणाचे मोजमाप करतात?

केंद्र सरकारने २०१५ साली आखलेल्या आणि २०१६ पासून दरवर्षी जाहीर होणाऱ्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत विद्यापीठांना पाच कसोट्या लावल्या जातात. अध्यापन व साधनसामग्रीला शंभरांपैकी ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या उत्तीर्णतेला व पुढील वाटचालीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि तज्ज्ञ व नोकऱ्या देणारे यांच्या मनातील प्रतिमेला १० असे हे गुणांचे वाटप आहे. कसोट्या वरकरणी वाजवी आहेत. परंतु त्या ज्याला लावल्या जातात ते विद्यापीठ म्हणजे मुख्यतः त्याचा परिसर व त्यातील स्वतःचे विभाग होत. संलग्न महाविद्यालये या हिशेबात धरली जात नाहीत. आणि महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांची पदवी घेणाऱ्या लक्षावधी विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य शिकतात ते नेमके याच महाविद्यालयांत, तालुक्याच्या गावी, कधी माध्यमिक शाळेच्या शेजारच्या इमारतीत. क्रमांक परिसराचा आणि पदवी मात्र सर्वांची, अशी ही विसंगती आहे.

ती आजची नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर हे त्याच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी होत. परंतु त्यांना घडविले ते एल्फिन्स्टन कॉलेजाने. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली. विद्यापीठ स्वतः शिकवू लागले ते बऱ्याच काळानंतर. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग सोपविण्यात आला आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही मंडळी घुर्यांच्या हाताखाली तयार झाली. म्हणजे मुंबईला जी खरी प्रतिष्ठा लाभली ती राजाबाई टॉवरच्या उंचीमुळे नव्हे. वर्गात उभे राहिलेल्या माणसांमुळे लाभली. पुण्याचेही तेच आहे. तेथील विद्यापीठ १९४९ चे. परंतु फर्ग्युसन कॉलेज १८८५ चे आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चे. विद्यापीठ जन्मले तेव्हा त्याच्या नावामागे ही पुण्याई आधीच उभी होती.

पत अशी वारशाने येते. प्रत मात्र दरवर्षी नव्याने कमवावी लागते. पत टिकून असताना प्रत खालावली तरी काही काळ कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. २०२४ साली राज्य सार्वजनिक विद्यापीठांची वेगळी यादी प्रथमच निघाली, तेव्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशात तिसरे होते. पुढच्याच वर्षी त्याची मोठी घसरण झाली. एवढ्या अवधीत ना ग्रंथालयातील पुस्तके कमी झाली, ना गणेशखिंडीतील वृक्षराजी. निवृत्त झालेल्या अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या न गेल्याचे ते संचित होते. घड्याळी तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण अध्यापक सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात शिकवतो, सुटीच्या महिन्यांत बिनपगारी राहतो आणि तरीही त्याच्याकडून संशोधनाची अपेक्षा केली जाते. हा प्रश्न पुण्यापुरता नाही, राज्यातील सर्वच सार्वजनिक विद्यापीठांचा आहे.

निकालांची कथा याहून निराळी नाही. परीक्षेनंतर तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा असे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. कायदा लागू झाल्यानंतर लगेच, २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला गेल्याने मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. ज्यांचे परदेशातील वा परराज्यांतील प्रवेश हुकले त्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने दीडशे वर्षांच्या परंपरेचे मोल त्या उन्हाळ्यात काय होते?

विद्यापीठीय जीवनाचे तिसरे अंग म्हणजे विद्यार्थ्यांचे सामाजिक जीवन. स्नेहसंमेलन आणि उपाहारगृहातील गप्पा एवढ्यापुरतेच ते पाहिले जाते, हा मोठाच गैरसमज होय. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याच्यासाठी रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका हेच सामाजिक जीवन असते. मराठवाड्यात विद्यापीठ आले ते १९५८ साली; तत्पूर्वी तेथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाने आणि नंतर या विद्यापीठाने ज्या पिढीला प्रथमच पदवीच्या उंबरठ्यावर आणले, तिने विद्यापीठाच्या नावासाठी दीर्घ लढा दिला. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने ठराव केला; नामविस्तार प्रत्यक्षात यायला १९९४ चा १४ जानेवारी उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी जे सोसले ते कोणत्याही गुणतक्त्यात मावणारे नाही. ‘हे विद्यापीठ माझे आहे’ असे विद्यार्थ्याला वाटणे, याला केवढी किंमत असते हे त्या लढ्याने दाखविले.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने ‘कमवा व शिका’ योजनेतून शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी केली. गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नागपूरची पावणेदोनशे किलोमीटरची खेप टळली. ज्याला एका दाखल्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागत होती, त्याच्या लेखी हा कोणत्याही क्रमांकापेक्षा मोठा लाभ आहे. सर्वसमावेशकतेसाठी राखलेल्या दहा गुणांत हे सारे कोंबता येईल काय?

याचा अर्थ तुलना करूच नये असा नव्हे. ‘आम्ही मागास भागातले’ ही सबब पुढे करून सुमार अध्यापन झाकणारी विद्यापीठे विद्यार्थ्यांचेच नुकसान करतात. दारिद्र्यातून वर येऊ पाहणाऱ्या मुलाला तर उत्तम शिक्षकाची गरज इतरांहून अधिक असते. संशोधन मोजले पाहिजे, त्याचा खोटेपणाही उघडा पडला पाहिजे. तेव्हा तुलना अवश्य व्हावी, परंतु ती विद्यार्थ्याच्या बाकावर बसून व्हावी.

त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने आपल्या प्रत्येक संलग्न महाविद्यालयाबाबत दरवर्षी प्रवेशापूर्वी काही गोष्टी जाहीर कराव्यात. मंजूर अध्यापकांपैकी पूर्णवेळ किती, परीक्षेनंतर निकाल किती दिवसांनी लागला, वसतिगृहासाठी अर्ज किती आले आणि जागा किती, ग्रंथालय किती तास उघडे असते, आणि पहिल्या वर्षी दाखल झालेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले, एवढे एका पानावर मावते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे ठरविले आहे. उद्या महाविद्यालये स्वतःच पदव्या देऊ लागली आणि विद्यापीठाच्या नावाचा आडोसा नाहीसा झाला, तर आडगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या दर्जाचा कागद पडेल, याची चिंता आजच करावयास हवी.

कारकुनाच्या किंवा प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून मुलीला शिकायला पाठविणाऱ्या बापाला देशातील क्रमांक सांगून भागणार नाही. तिच्या वर्गावर शिक्षक येईल काय, तिला राहावयास सुरक्षित जागा मिळेल काय आणि तिची पदवी वेळेवर हाती पडेल काय, हे त्याला कळले पाहिजे. या तीन प्रश्नांची उत्तरे जे विद्यापीठ उघडपणे देईल ते खरे थोर. बाकीच्यांनी फलक लावण्यापूर्वी रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात.